उजवा डोळा झाकून

११ नोव्हेंबर

ताई,

दर रविवारी फोन करणारा भाऊ पत्र का लिहायला बसला म्हणून दचकू नकोस. इथे दौऱ्यावर फोन हॉटेलच्या खोलीत आहे आणि खोलीत मास्तर आहे. मास्तर म्हणजे आमचा लेगस्पिनर, आधी शाळेत गणित शिकवायचा. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या कानातून काही सुटत नाही आणि तोंडात काही टिकत नाही. म्हणून हे लिहून विचारतो.

समज, तुझ्या चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. तेहतीस वर्षांचं, बाकी तब्येत ठणठणीत. म्हणालं, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसल्यासारखं दिसतं, हात मारला तरी उडत नाही. तर तू त्याला काय सांगशील?

सतरा दिवसांपूर्वी नेटमध्ये चेंडू लागला होता. आपलाच बोलर, जुना चेंडू, म्हटलं हेल्मेट कशाला. एक उसळला आणि डाव्या डोळ्याखाली बसला. सूज आली, बर्फ लावला, चार दिवसांत उतरली. टीमचे डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे. हाड शाबूतच आहे. माशीचं मी त्यांना बोललो नाही.

आईला हे पत्र दाखवू नकोस. तिला सांग, खेळतोय, खातोय, झोपतोय. पहिल्या कसोटीत एकेचाळीस केले ते तिने ऐकलंच असेल.

तुझा,
चिकट्या


२० नोव्हेंबर

चिकट्या,

त्या गिऱ्हाइकाला मी खुर्चीतून उठवेन, दंडाला धरेन आणि डोळ्यांच्या इस्पितळात नेऊन बसवेन. दुकान उघडं टाकून. मालक ओरडले तर ओरडू देत.

आता मी विचारते तेवढं कर. उजवा डोळा तळहाताने झाक. बोटांच्या फटी ठेवू नकोस, लहानपणी लपाछपीत ठेवायचास तशा. डाव्याने खिडकीची चौकट बघ. कड सरळ दिसते की मध्येच वाकते? मान झटकन वळवली की कडेला वीज चमकल्यासारखं होतं का? माशी एकच आहे की आता काजळी उडाल्यासारखे ठिपके झालेत? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्याही बाजूने सावली आत सरकतेय का, पडदा ओढल्यासारखी?

यातलं एक जरी हो असलं, तर पत्राचं उत्तर देत बसू नकोस. डॉक्टरांकडे जा. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. मार बसला की तो एखाद्या ठिकाणी फाटतो आणि मग भिंतीवरचा कागद ओल लागून सुटावा तसा सुटत जातो. दुखत नाही. हेच त्यातलं वाईट. दुखलं असतं तर माणसं वेळेवर आली असती. अठरा वर्षं मी लोकांचे नंबर काढतेय. असे पाच जण पाहिलेत. त्यातला एकच वेळेवर आला होता.

आईला काही बोलले नाही. तुझ्या भावोजींनाही नाही. ते काल जेवताना म्हणाले, तू आज इतकी गप्प का, मी म्हटलं दाढ दुखतेय. आता दाढेच्या डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागलेत. तुझ्यापायी माझी एक चांगली दाढ जाणार.

उत्तर लवकर दे. नाही, उत्तर देऊ नकोस, डॉक्टरकडे जा.

तुझी,
ताई


२९ नोव्हेंबर

ताई,

चौकट वाकते. वीज चमकते. माश्या मोजणं सोडून दिलं. सावली आहे, खालून, नाकाच्या बाजूने. पंधरवड्यापूर्वी नखाएवढी होती. आता मी उजवा डोळा झाकून मास्तरकडे पाहिलं तर त्याला डोकं आहे, पाय नाहीत.

आता तू ओरडशील. आधी माझं ऐकून घे.

अकरा वर्षं मी आपल्या इथल्या सामन्यांत धावा काढत राहिलो. दर वर्षी संघ जाहीर झाला की लोक म्हणायचे, पुढच्या वेळी नक्की. एकोणतिसाव्या वर्षी घेतलं. पहिल्याच डावात शून्य. दोन वर्षं बाहेर. परत आलो तेव्हा पेपरात छापलं होतं की दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून मला घेतलं. आज चोवीस कसोट्या झाल्या. आता कुठे संघाच्या यादीत माझं नाव लिहिताना कोणी थांबत नाही. आणि आता मी जाऊन सांगू, मला अर्धंच दिसतं? ते पाठीवर हात ठेवतील, बरा हो म्हणतील, आणि माझ्या जागी राखीव फलंदाज जाईल. तो चांगला खेळतो. एकदा गेला की तो जागा सोडणार नाही. मीही सोडली नसती.

मला दुसरं काय येतं सांग. मी कधी नोकरी केली नाही. साधी छत्री दुरुस्त करता येत नाही.

परत आल्यावर थेट सराव शिबिर आहे. तिथे सगळ्यांची तपासणी, डोळ्यांसकट. तिथले डॉक्टर फणीचा तक्ता वापरतात, तुझ्या दुकानात आहे तोच. तीन दातांची फणी, कधी दात वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. तू एकदा म्हणाली होतीस की सगळीकडे एकाच छापखान्याचा तक्ता आहे. मला शेवटच्या पाच ओळी लिहून पाठव. पाठ करीन. उजव्याने बघून, डाव्याने म्हणून दाखवीन.

पुढची मालिका त्या उंच बोलरच्या, लांबूच्या देशात आहे. लांबू किती जोरात टाकतो ते तू टीव्हीवर पाहिलंयस. ती एक मालिका खेळू दे. त्यानंतर मी स्वतःहून इस्पितळात जाईन. शपथ.

चिकट्या


८ डिसेंबर

चिकट्या,

नाही.

दुकानातल्या टीव्हीवर मी तुझी दुसरी कसोटी पाहिली. गिऱ्हाइकाला काचा बसवून देता देता स्क्रू हातातून पडला तो अजून सापडलेला नाही. तू क्रीजवर उभा राहिलास आणि मला कळलं. तू खांदा उघडून, तोंड जवळजवळ पूर्ण बोलरकडे करून उभा राहतोस. समालोचक म्हणाला, बघा, या वयातही याने स्टान्स बदलला, किती अभ्यासू खेळाडू. मालकांनी मान डोलावली. मी काउंटर धरून उभी होते. तू उजवा डोळा पुढे आणतोयस, चिकट्या. लहानपणापासून तू खांदा बोलरकडे करून उभा राहतोस. बोळात प्लास्टिकचा चेंडू मीच तुला टाकायचे, मला नाही कळणार?

चौसष्ट केलेस म्हणून घरी आनंद आहे. आई शेजारी सांगत फिरतेय. मी खोलीत जाऊन बसले. मला सारखं एकच दिसतं, की चेंडू येतोय आणि तू दुसरीकडेच बघतोयस. भाजी चिरताना दिसतं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यात दिवा धरताना दिसतं. मला तुझ्या डोळ्याची भीती वाटत नाही आता. मला तुझ्या कानशिलाची भीती वाटते.

आणि एक मालिका म्हणजे किती ते मला सांगू नकोस. एक मालिका म्हणजे दोन महिने. पडदा दोन महिने कोणासाठी थांबत नाही. लांबूचं नाव तू मला धीर द्यायला लिहिलंस की घाबरवायला, ते मला समजलेलं नाही.

तक्ता मिळणार नाही. डॉक्टरकडे गेलास असं पत्र आलं तरच मी उत्तर देईन.

ताई


१६ डिसेंबर

ताई,

काल एक गोष्ट झाली. शेवटच्या कसोटीचा तिसरा दिवस, नवा चेंडू. त्यांच्या बोलरचा हात मी पाहिला, चेंडू सुटताना पाहिला, आणि मग चेंडू नव्हता. मधल्या वाटेत गेलाच. मी नुसता उभा राहिलो, कारण कुठे वाकायचं तेच कळेना. उजव्या कानाजवळून काहीतरी गेलं. ते मी पाहिलं नाही, ऐकलं.

कीपर मागून म्हणाला, "मानलं बुवा तुला. पापणीसुद्धा हलली नाही तुझी." आज इथल्या पेपरात छापून आलंय, पोलादी काळजाचा फलंदाज. मास्तरने कात्रण आरशाला चिकटवून ठेवलंय.

त्यानंतर बावीस चेंडू खेळलो. प्रत्येक चेंडूला मला मुतायला लागल्यासारखं होत होतं. हे मी कोणालाही सांगू शकत नाही, तुलाच सांगतोय. मला भीती वाटते. पण शिबिरातून हाकललं जाण्याची त्याहून जास्त वाटते. काय करू? आहे हे असं आहे.

तू नाही पाठवलास तर मी दुसऱ्या कुठल्या दुकानातून मिळवीन. पण मग तुझी-माझी बोलाचाल राहणार नाही. भेटायला आलीस तरी भेटणार नाही. पत्र शिबिराच्या पत्त्यावर टाक. तपासणी आठ जानेवारीला आहे.

चिकट्या


२६ डिसेंबर

चिकट्या,

सोबत पाच ओळी लिहिल्या आहेत. प्रत्येक फणीचे दात कुठे ते शब्दांत लिहिलंय. डावीकडे, वर, उजवीकडे, उजवीकडे, खाली, असं.

नीट पाठ कर. मधूनच कुठलीही ओळ विचारतात, तेव्हा वरून खाली घोकलंस तर अडकशील. डाव्याला उजव्यापेक्षा एक ओळ कमी वाच, नाहीतर संशय येईल. म्हणताना थोडा थांब, बारीक करून बघितल्यासारखं कर. घडाघडा म्हणू नकोस. पाठांतराच्या स्पर्धेत तू तसाच हरायचास.

हेल्मेट घाल. नेटमध्येसुद्धा. इतकंच.

ताई


१९ जानेवारी

ताई,

हे अक्षर माझं नाही. वॉर्डातल्या नर्सबाई लिहून घेताहेत. माझे दोन्ही डोळे बांधलेत आणि मान हलवायची नाही. आडवं पडून सांगतोय.

आठ तारखेला तपासणी झाली. क्रिकेट मंडळाचे डॉक्टर म्हातारे आहेत, जाड भिंगाचा चष्मा. आधी उजवाच डोळा झाकायला सांगितला, मग तक्त्याचा दिवा लावला. मी तू लिहिलंस तसं थांबून थांबून, डोळा बारीक करून चार ओळी म्हटल्या. एकदाही अडखळलो नाही. मनात म्हटलं, सुटलो.

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "दुकान कुणाचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कसलं दुकान?"

"अरुंद दुकान. खुर्चीच्या मागे तक्ता, पुढे आरसा. गिऱ्हाईक आरशात बघून वाचतं."

मग त्यांनीच समजावलं. जागा कमी असली की तक्ता माणसाच्या डोक्यामागे टांगतात आणि समोरच्या आरशात वाचायला लावतात, म्हणजे अंतर दुप्पट होतं. पण आरशात डावं ते उजवं होतं. माझी प्रत्येक ओळ शेवटाकडून सुरू झाली होती; तशी लावून पाहिली तर वर आणि खाली सगळं बरोबर होतं. डावं आणि उजवं झाडून सगळं उलट. "नजर अधू असली तर माणूस इकडेतिकडे चुकतो," ते म्हणाले. "असं शिस्तीत नाही चुकत." मग त्यांनी खोलीत अंधार केला आणि डोळ्यात दिवा मारला. तो दिवा बराच वेळ काढला नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं.

म्हणजे तुझी गिऱ्हाइकं अठरा वर्षं आरशात बघून जे बोलतात, तेच तू सवयीने लिहून पाठवलंस. माझ्या एवढ्या एका कामात तुला चूक करायची होती. आरसा आहे हे विसरलीस. डॉक्टरांनी पाठांतराचं कोणाला सांगितलं नाही, भला माणूस. पेपरात फक्त डोळ्याची दुखापत असं आलंय. राखीव फलंदाज विमानात बसला. माझं संपलं.

तू येऊ नकोस. तुझा आवाज मला आत्ता नको. आईला सांग बरा आहे.

ताई, इथे सगळा अंधार आहे आणि पट्टी काढल्यावरही तो गेला नाही तर, या विचाराने मला दरदरून घाम फुटतो. मला फार भीती वाटते.

चिकट्या

(ता. क. शेवटची दोन वाक्यं त्यांनी मला खोडायला सांगितली होती. मी खोडली असं सांगितलं आणि खोडली नाहीत. त्यांना कळवू नये. नर्स.)


२३ जानेवारी

चिकट्या,

हे पत्र तुला कोणीतरी वाचून दाखवणार, बहुतेक त्याच बाई. त्यांना म्हणावं, सगळं वाचा, काही गाळू नका.

मी चुकले असं तुला वाटतं. तसंच वाटू दिलं तर तू वर्ष-दोन वर्षांत मला माफ करशील. स्वभाव माहीत आहे तुझा. चुकीवर तू फार दिवस रागावत नाहीस, स्लिपमध्ये कोणी झेल सोडला तरी संध्याकाळी त्याच्याच शेजारी जेवायला बसतोस. दोन दिवस मी हाच विचार केला, की राहू दे तसंच. पण मला ते जमत नाही.

तो आरसा रोज सकाळी दुकान उघडलं की मी पुसते. तो मी विसरेन कशी?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोन कागद लिहिले. एक सरळ, एक आरशातला. दोन्ही काउंटरवर ठेवून बसले. सरळ पाठवला तर तू पास होणार आणि लांबूसमोर उभा राहणार. भलतंसलतं लिहून पाठवलं तर नापास होणार, पण मग ते म्हणतील नजर जरा कमी झालीय, चष्मा लावा, आणि तू कुठूनतरी खरा तक्ता मिळवून महिन्याने पुन्हा बसणार. तुमच्या मॅनेजरना लिहावं म्हणून एक पत्र खरडलं आणि फाडलं. तू त्यांच्या तोंडावर हसून म्हणाला असतास, बहीण आहे, उगाच काळजी करते. त्यांनी तुझंच ऐकलं असतं. चौसष्ट करणाऱ्या माणसाला आंधळा कोण म्हणणार?

आरशातला तक्ता मात्र वेगळा. ज्याने आयुष्यभर नंबर काढलेत त्याला चार ओळींत कळतं की हा माणूस बघत नाहीये, म्हणून दाखवतोय. का म्हणून दाखवतोय हे बघायला तो डोळ्यात दिवा मारणारच. मला तेवढाच दिवा हवा होता. तो कागद तुझ्यासाठी नव्हताच, चिकट्या. तुझ्या तोंडून मी डॉक्टरांना निरोप धाडला होता.

आणि डॉक्टर आळशी निघाले असते तर? चार ओळी ऐकून, बरं बरं म्हणून सही केली असती तर? किंवा आधी उजव्या डोळ्याने तू खरा तक्ता पाहिला असतास तर? त्या तेरा दिवसांत मी हाच हिशोब करत होते. एका गिऱ्हाइकाला उलट्या काचा बसवून दिल्या. तो बिचारा दाराच्या चौकटीला धडकला तेव्हा कळलं.

तुझं जे काही होतं ते मी घेतलं, हे मला माहीत आहे. चोवीस कसोट्या आणि पुढच्या ज्या झाल्या असत्या त्या. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा घेईन. ज्याची मला लाज वाटते ती गोष्ट वेगळी आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी निघून यायला हवं होतं. मी खिडकीची चौकट बघ म्हणून लिहीत बसले. डोळा गेला तर तो माझ्या त्या दीड महिन्यामुळे गेला.

तू बोलावल्याशिवाय येणार नाही. इथेच बसून आहे.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

हे अक्षर माझं आहे. ओळी चढतात, सांभाळून घे.

तुझं पत्र नर्सबाईंनी तीनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मी त्यांना म्हटलं फाडून टाका. त्यांनी टाकलं नाही. या बाई सांगितलेलं काहीच करत नाहीत. चार आठवडे तुला काही कळवलं नाही, कारण जे मनात येत होतं ते त्यांना लिहायला सांगण्यासारखं नव्हतं.

पट्टी काढली. उजवा पहिल्यासारखा आहे. डाव्याने उजेड कळतो, खिडकी कुठे आहे ते कळतं, माणूस उभा असला तर काहीतरी उभं आहे एवढं कळतं. डॉक्टर म्हणाले यापुढे वाढणार नाही. मी विचारलं, दीड महिना आधी आलो असतो तर? ते म्हणाले, असले प्रश्न मी पेशंटला विचारू देत नाही. तूही विचारू नकोस. तो दीड महिना माझा होता, तू तो स्वतःच्या नावावर घेऊ नकोस.

काल वॉर्डाबाहेरच्या टीव्हीवर सामना लावला होता. लांबूच्या देशातली पहिली कसोटी. राखीव फलंदाज माझ्या जागी खेळायला आला. त्याने माझेच पॅड बांधलेत, मी शिबिरात ठेवून आलो होतो ते. लांबूचं चौथं षटक. एक चेंडू अर्ध्यातून उसळला, आत आला, थेट डोळ्यांच्या मध्ये. त्याने शेवटपर्यंत पाहिला आणि अगदी शेवटच्या क्षणी मान मागे टाकली. चेंडू हेल्मेटची जाळी वाकवून गेला. तो खाली बसला. डॉक्टर धावत आले. हनुवटीतून रक्त येत होतं. मग तो उठला.

लोक टाळ्या वाजवत होते. मी खुर्चीतच बसून होतो. तो चेंडू त्यांनी चार वेळा दाखवला. चारही वेळा मी उजवा डोळा झाकून पाहायचा प्रयत्न केला. चारही वेळा टीव्ही म्हणजे नुसता पांढरा चौकोन होता. तिथे मी असतो तर मी सरळ उभा राहिलो असतो, ताई. पापणीसुद्धा न हलवता. आणि पेपरात काय छापून आलं असतं ते तूच ठरव.

अजून तुझ्यावर राग आहे. जाईल असं वाटत नाही इतक्यात. आलो की भांडणार आहे, आईसमोर नाही, दुकानात.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. फलाटावर माझ्या उजव्या हाताला उभी राहा. डावीकडून आलीस तर मला कळणार नाही की तू आहेस.

तुझा,
चिकट्या